पावशेर तूप आणि बाकीचं स्वप्न

तुकोबांना गुरू भेटले ते स्वप्नात. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. गंगास्नानाला जाताना वाटेत गाठ पडली, गुरूंनी मस्तकावर हात ठेवला, राघवचैतन्य, केशवचैतन्य अशी परंपरा सांगितली, स्वतःचं नाव बाबाजी सांगितलं आणि 'रामकृष्णहरी' हा मंत्र दिला. हे आपण कीर्तनात अनेकदा ऐकलेलं असतं. पण त्याच अभंगात मंत्राच्या आधी एक ओळ येते आणि ऐकणारे तिच्यापाशी सहसा थांबत नाहीत. गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितलं, आणि तुकोबांना त्याचा विसर पडला. तोही स्वप्नातच.

माझा त्या सगळ्या अभंगात सर्वांत जास्त विश्वास बसतो तो ह्या तुपावर. कुणी मागाहून दृष्टान्त रचायला बसलं असतं तर प्रकाश घातला असता, शंखनाद घातला असता. पावशेराचं माप कशाला घातलं असतं? कुणी त्या तुपाचाही पारमार्थिक अर्थ लावतात, त्यांनी खुशाल लावावा. मला ते तूपच वाटतं. ज्याला खरोखर स्वप्न पडलं आणि ज्याने ते उठल्या उठल्या घट्ट धरून ठेवलं, त्याच्याच हाती असला तपशील लागतो.

आपण जागे झाल्यावर नेमकं उलटं करतो. अर्थामागे धावतो आणि तूप सांडून टाकतो.

आमच्या घरी स्वप्नं सकाळच्या चहाबरोबर सांगितली जातात आणि त्यांचा निकाल पोहे होईस्तोवर लागलेला असतो. सासूबाईंकडे सगळी कलमं तयार असतात. दात पडलेला दिसला की घरात कुणाचं तरी वाईट. कुणी मेलेलं दिसलं की त्याचं आयुष्य वाढलं. चांगलं स्वप्न बोलून दाखवायचं नाही, फळत नाही. वाईट पडलं तर वाहत्या पाण्याला सांगून टाकायचं. पहिल्या प्रहराचं स्वप्न वर्षाने खरं होतं, दुसऱ्या प्रहराचं सहा महिन्यांनी, तिसऱ्याचं तीन महिन्यांनी आणि अरुणोदयाचं दहा दिवसांत. लेक ह्या सगळ्याला हसते आणि फोनला विचारते. फोन सांगतो, 'तुम्ही आयुष्यातल्या मोठ्या बदलाच्या उंबरठ्यावर आहात.' बदलाच्या उंबरठ्यावर तर अख्खं पुणं गेली कित्येक वर्षं पत्रे लावून उभं आहे, त्याला स्वप्न कशाला पडायला हवं? आजी आणि नात भांडतात, पण दोघींचं करणं एकच. एक वस्तू उचलायची, तिच्यासमोर एक अर्थ लिहायचा आणि उरलेलं स्वप्न कपाबरोबर विसळून टाकायचं.

जुन्या लोकांनी सगळंच असं उरकलेलं नाही, हे मला चरकसंहितेत सापडलं. इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मनात इच्छिलेलं, कल्पनेने रचलेलं, पुढे होणाऱ्याची सूचना देणारं आणि शरीरातल्या दोषांमुळे पडलेलं. आणि मग वैद्याला सांगितलंय, की ह्यांतली पहिली पाच निष्फळ समज. दिवसा पडलेलं स्वप्नही निष्फळ, फार तोकडं आणि फार लांबलेलंही निष्फळ. म्हणजे फळ सांगायला बसलेला ग्रंथच आधी बहुतेक स्वप्नं बाजूला काढून ठेवतो. पाहिलं असेल, ऐकलं असेल, मनात असेल, म्हणून दिसलं, पुढे चला. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' हे आपण एरवी टोमणा मारायला वापरतो, पण त्यात पाचातले निदान चार प्रकार सहज बसतात.

मला मात्र ही पाच निष्फळ स्वप्नंच हवी असतात. फळाकरता नव्हे, त्यांच्यातली प्रत्येक वस्तू कुठून आली हे शोधता येतं म्हणून. 'ह्याचा अर्थ काय' हा प्रश्न मी सोडून दिला आहे. 'हे आणलं कुठून' हा प्रश्न जास्त कामाचा आहे, आणि त्याचं उत्तर बऱ्याचदा मिळतंही.

आधी स्वप्न हाती लागायला हवं, आणि तिथेच गाडी अडते. रात्रभरात आपली झोप साधारण दीड दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन ह्यांनी १९५३ साली दाखवून दिलं, की झोपेत ठरावीक काळाने बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, आणि त्या वेळी उठवलं तर माणसं स्वप्न सांगतात. पहिल्या फेरीत हा काळ जेमतेम काही मिनिटांचा असतो, पहाटेच्या फेरीत अर्ध्या तासाच्या आसपास जातो. पहाटेचं स्वप्न लांबलचक असतं, रंगीत असतं आणि आपण त्याच्यातूनच उठतो, म्हणून ते लक्षात राहतं. आणि लक्षातच जर पहाटेची राहत असतील, तर खरी ठरायची संधीही त्यांनाच मिळणार. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग मी वेगळं काय म्हणत होते?"

ह्या काळात मेंदूचा भावनांचा भाग जोरात असतो आणि तर्काने तपासणारा, 'अहो, असं कसं होईल' म्हणणारा पुढचा भाग मंदावलेला असतो. आठवण पक्की करायला लागणारं नॉरॲड्रेनॅलिन तर जवळपास थांबलेलंच असतं. २०१९ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी उंदरांमध्ये अशा पेशी दाखवल्या, ज्या नेमक्या ह्याच झोपेत जाग्या होतात आणि आठवणी पुसायला हातभार लावतात. स्वप्न विसरणं हा आपला आळस नाही, शरीराची ती व्यवस्थाच आहे. म्हणून उठल्यावर डोळे उघडायचे नाहीत, कूस बदलायची नाही, फोनकडे तर हातच न्यायचा नाही. शेवटचं दृश्य धरायचं आणि तिथून उलटं मागे मागे जायचं. मी उशाशी जुनी डायरी ठेवते आणि पेन्सिल, कारण पाठीवर झोपून बॉलपेन दोन शब्दांनंतर उमटत नाही.

आणि वाक्यं लिहायची नाहीत, फक्त वस्तू लिहायच्या. हे मला फार उशिरा कळलं, पण कळल्यावर फरक पडला. वाक्य लिहायला घेतलं की आपण गोष्ट रचायला लागतो. 'विहीर, मेट्रो, बाबा, पेरू' एवढंच खरं तर दिसलेलं असतं. चहाच्या वेळी सांगताना विहिरीतून मेट्रोत 'जाण्याचं कारण' तयार होतं, दुपारी बहिणीला फोनवर सांगेपर्यंत त्याला सुरुवात, मध्य आणि शेवट आलेला असतो. हार्वर्डच्या हॉब्सन आणि मॅकार्ली ह्यांनी १९७७ मध्ये मांडलं होतं, की मेंदूच्या खालच्या भागातून अस्ताव्यस्त संकेत येत राहतात आणि वरचा मेंदू त्यांची जमेल तशी गोष्ट लावतो. पुढे त्यावर बरेच वाद झाले, सगळं काही इतकं अस्ताव्यस्त नसतं असंही निघालं. पण गोष्ट लावणं जागेपणीही चालूच राहतं, ह्याला माझी डायरी साक्षीला आहे.

तर ती विहीर. मध्यंतरी एका पहाटे मी नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात होते. तो वाडा आता नाही. तिथे खाली पार्किंग असलेली इमारत आहे, मी त्या रस्त्याने कितीदा जाते, मला ते पक्कं माहीत आहे. स्वप्नाला माहीत नाही. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये निम्मं आयुष्य गेलं, तरी माझ्या स्वप्नांचा पत्ता अजून नारायण पेठच आहे. तर वाड्याच्या चौकातला आड उघडा होता आणि आत सरकता जिना होता. मी खाली उतरले, तर मेट्रोचं स्टेशन. तिकिटाच्या खिडकीत बाबा, गंजिफ्रॉक आणि पट्ट्यांचा लेंगा घालून. समोर पितळी तराजू. ते तिकिटं तोलून देत होते. माझी पाळी आली. त्यांनी वर न बघताच म्हटलं, "बाई, सुट्टे काढा." माझ्याकडे पर्समध्ये फक्त पेरू. ते म्हणाले, "ह्यांची मुदत संपली." मागे रांग होती आणि सगळे माझ्याकडे बघत होते. जाग आली तेव्हा उशी ओली होती.

आता सामान मोजू. सरकता जिना मंडई स्टेशनचा. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला, तरी मी त्यात बसायला बराच वेळ लावला होता. स्वप्नाच्या जेमतेम आठवडाभर आधी पहिल्यांदा उतरले होते. हा आठवडाही काही उगाच नाही. फ्रॉइडने म्हटलं होतं, की आदल्या दिवसाचं उरलंसुरलं स्वप्नात येतं. ते आहेच, पण मॉन्ट्रियलच्या टोरे नील्सन ह्यांनी दाखवलं की दिवसभरात घडलेलं एकदा त्याच रात्री दिसतं आणि मग मधले काही दिवस गायब होऊन पाच ते सात दिवसांनी पुन्हा डोकावतं. म्हणून शोधताना फक्त कालचा दिवस तपासून भागत नाही, मागच्या आठवड्यातला तोच वारही बघावा लागतो. आड खराच होता. त्यावर मोठी फरशी टाकलेली असे आणि आम्हाला तिच्यावर नाचायला बंदी होती. तराजू शेजाऱ्यांनी भंगारात काढताना मी जिन्यात पाहिला होता. 'मुदत संपली' हा बँकेतून ठेवीबद्दल आलेला मेसेज. पेरूचं नुसतं नाव काढलं तरी बाबा वैतागायचे, कवळीत बिया अडकतात म्हणून. लेंगा तर त्यांचाच, त्यांना मी दुसऱ्या कशात फारसं पाहिलेलंच नाही.

सगळं जागच्या जागी लागलं, आणि 'बाई' तेवढं उरलं. बाबांनी मला ओळखलं नव्हतं. दुपारपर्यंत ते मनातून गेलं नाही. स्वयंपाक करताना, भाजीवाल्याला पैसे देताना, मध्येच पोटात खड्डा पडायचा. ज्याला स्वप्नफल सांगायचं असेल त्याला इथे भरपूर वाव आहे. पितर नाराज आहेत, काही राहून गेलंय, अमावास्येला अमुक करा. मानसशास्त्राची पुस्तकं वाचणाऱ्या मैत्रिणीने तर 'अपराधभाव' हा शब्द माझ्या तोंडावरच ठेवला.

संध्याकाळी बहिणीला सांगितलं. ती ऐकता ऐकता हसायला लागली. म्हणाली, "अगं, ते पोस्टातलं." बाबा पोस्टात काउंटरवर होते. आम्ही दोघी लहान असताना आईने दिलेले पैसे बचत खात्यात भरायला त्यांच्याच खिडकीवर जायचो. ते चेहऱ्यावरची रेषही न हलवता आम्हाला इतर गिऱ्हाइकांसारखंच वागवायचे. "बाई, पुढे या. बाई, सुट्टे काढा." आम्ही फ्रॉकमधल्या दोन बाया हसून हसून काउंटरला लोंबकळायचो. हा आमचा लाडका खेळ होता आणि मला त्याची आठवणच राहिली नव्हती. स्वप्नाने ते वाक्य जसंच्या तसं आणलं होतं, फक्त त्यातलं हसू काढून घेतलं होतं. (बहिणीच्या आठवणीवर तरी किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न आहेच. लहानपणी सागरगोट्यांत कोण जिंकायचं ह्यावर आमचं अजून एकमत नाही.)

ह्यानंतर मी एक गोष्ट बघायला लागले. स्वप्नातली वस्तू, वाक्य, जागा हे बहुधा खरं असतं, निदान कुठून तरी उचललेलं असतं. भाव मात्र दुसरीकडचा असतो. भीती एका ठिकाणची आणि खोली दुसऱ्या ठिकाणची. भीतीचं मूळ त्या खोलीत शोधायला गेलं की हाती काही लागत नाही. आणि एकट्याने शोधलं तर निम्मंच सापडतं. ज्यांनी आपल्याबरोबर तो जिना, तो आड, ते पोस्ट पाहिलं आहे, त्यांनाच विचारावं लागतं. स्वप्नफलाची पुस्तिका किंवा फोन माझ्या बाबांच्या खिडकीवर कधी आलेले नसतात.

काही स्वप्नांचा उगम इतका जवळ असतो की शोधायचीही गरज नसते. घंटागाडीचं गाणं माझ्या स्वप्नांत लग्नाच्या बँडपासून शाळेच्या प्रार्थनेपर्यंत सगळं होऊन गेलं आहे. आल्फ्रेड मोरी नावाच्या फ्रेंच विद्वानाला एकोणिसाव्या शतकात असंच एक स्वप्न पडलं होतं. क्रांतीचा काळ, खटला, शिक्षा, वधस्तंभ आणि मानेवर पातं. दचकून उठला तर पलंगाची दांडी निसटून मानेवर पडलेली. एवढं लांबलचक नाटक त्या एका क्षणात कसं मावलं, ह्यावर पुढे पुष्कळ काथ्याकूट झाला. मला वाटतं त्यातलं बरंचसं त्याने उठल्यावर जुळवलं असावं. ज्याच्या मानेवर दांडी पडलीय त्याला तेवढी मुभा द्यायला हरकत नाही.

बृहदारण्यक उपनिषदात स्वप्नाबद्दल म्हटलंय, की तिथे रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात. स्वप्न पाहणाराच रथ, घोडे आणि रस्ते स्वतः निर्माण करतो. रस्ते नसतात हे पुणेकराला समजायला स्वप्नाची गरज नाही, ते असो. पण त्याच भागात झोपलेल्याला एकदम उठवू नये असंही सांगितलं आहे, कारण जी जागा त्याला परत सापडली नाही तिथलं दुखणं बरं करणं अवघड. सासूबाई झोपेत बोलायला लागल्या तेव्हा मला हे आठवायचं आणि मी दारातच उभी राहायचे.

आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, स्वप्न पाण्याचं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्यापाठोपाठ खडकवासला, तेव्हा त्या शनिवार पेठेत राहणारी बारा वर्षांची मुलगी होत्या. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी धरणावर वाळूची पोती रचून काही तास ओढून धरले, म्हणून पाणी रात्रीऐवजी दिवसा आलं, हे त्या अजून हात जोडून सांगतात. 'पाणी आलं' एवढी ओरड, पाठीवर धाकटा भाऊ आणि उंचावरच्या नातेवाइकांकडे पळणं. घरातलं माणूस कुणी गेलं नाही. पण त्यानंतर कित्येक वर्षं त्यांना रात्री तेच पाणी दिसायचं, आणि त्याचा आवाज. वाईट स्वप्न वाहत्या पाण्याला सांगावं हा त्यांचाच नियम, पण पाण्याचंच स्वप्न पाण्याला काय सांगणार? ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. लग्नानंतर नवऱ्याला, म्हणजे माझ्या सासऱ्यांनाही नाही.

मग हळूहळू त्या पाण्यात इतर गोष्टी यायला लागल्या. गॅसचा सिलिंडर. आमच्या इमारतीची लिफ्ट. एकदा तर अख्खी भिशी, ताटांसकट. हल्लीच्या काही वर्षांत त्या पाण्यातून तांब्याचं घंगाळ तरंगत यायचं आणि त्यात दादा बसलेला असायचा. दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. तो पुरात नव्हे, खूप नंतर, म्हातारा होऊन गेला. घंगाळात मात्र तो चौदा वर्षांचा, हाफपँटमध्ये, ओंजळीत भिजवलेले शेंगदाणे. पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भीतिदायक स्वप्नांवर हल्ली एक उपचार करतात. जागेपणी त्या स्वप्नाचा शेवट आपणच बदलून लिहायचा आणि रोज दिवसा तो मनात घोळवायचा, मग पुष्कळांची ती स्वप्नं उणावतात. आईंनी काही लिहिलं नाही. त्यांच्या पाण्याने आपल्या सोयीने घंगाळ आणलं.

मध्ये ब्लड प्रेशरची नवी गोळी सुरू झाली आणि स्वप्नं एकदम वाढली. रोज पहाटे, मोठमोठ्याने, संवादासकट. "अरे धर! कडी धर!" शेजारच्या खोलीत आम्ही सगळे जागे. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, की झोपेत हातपाय झाडतात का, पलंगावरून पडल्या आहेत का. स्वप्नाच्या वेळी शरीर एरवी सैल, जवळजवळ लुळं पडलेलं असतं. ते जर स्वप्नातली मारामारी प्रत्यक्ष करायला लागलं तर नीट तपासावं लागतं, कधी कधी ती पार्किन्सनची फार आधीची खूण असते. तसं काही नव्हतं. मग त्यांनी गोळीचं नाव बघितलं. बीटा ब्लॉकर. ह्या गटातल्या काही गोळ्यांनी स्वप्नं भडक होतात हे माहीत असलेलं आहे. चरकाच्या यादीतलं सातवं, दोषज, असं मी मनात म्हटलं. डॉक्टरांना नाही म्हटलं. त्यांनी गोळी बदलून दिली.

पहाटेची बडबड थांबली. लेकीने परीक्षेच्या दिवसांत पहिल्यांदा सलग झोप घेतली, नवऱ्याची चिडचिड गेली, आम्ही सगळे खूश. आई मात्र चहाच्या वेळी नुसत्या बसायच्या. कुणी दात पडल्याचं सांगितलं तरी फळ सांगायच्या नाहीत. एका सकाळी औषधांचा डबा मांडीवर घेऊन, चष्मा कपाळावर चढवून एकेक पाकीट उलटसुलट करत होत्या.

"अगं, ती आधीची गोळी कुठली होती? चिठ्ठी काढ बघू."

"कशाला, आई?"

"दादाचे शेंगदाणे संपायचे राहिलेत."

मी म्हटलं, आपल्या मनाने नको, डॉक्टरांना विचारू.

"विचार की," त्या म्हणाल्या, "पण दादाचं काढू नकोस त्यांच्यापाशी. म्हाताऱ्या बाईला झोप लागत नाही, एवढंच सांग."